उष्टी बशी

‘मृत्यू’च्या पत्त्यावरच्या चित्रात केक आला होता. अख्खा, वर चेरी ठेवलेला. आणि तो तिने काढलेला नव्हता.

प्रकाशकाच्या टेबलावर छपाईचे नमुने पसरले होते. भविष्य सांगायचे टॅरोचे पत्ते, पण प्रत्येकावर एकेक गोड पदार्थ. ‘मूर्ख’ म्हणजे साखरेचं गाठोडं खांद्यावर टाकून टेबलाच्या कडेवरून बेधडक पुढे निघालेला क्रीम रोल. ‘मनोरा’ म्हणजे वीज पडून कलंडलेला लग्नाचा केक. ‘न्याय’ म्हणजे पुडिंगचे दोन तुकडे, कोण मोठा म्हणून एकमेकांकडे डोळे वटारून बघणारे. शेजारच्या खुर्चीत ठेवणीतले कपडे घालून बसलेली तिची आई एकेक पत्ता उचलून खुदुखुदु हसत होती.

पदार्थ आईच्या हातचे, चित्रं लेकीची. कामाची पद्धत दोघींनीच ठरवलेली. लेकीने डोळे मिटून पत्त्याचं नाव मनात धरायचं, आईने काय केलंय ते न सांगता बशी पुढ्यात ठेवायची. एक घास खायचा, आणि मनात पहिलं जे उठेल ते काढायचं. खाडाखोड नाही, दुसरा विचार नाही.

“माझी बशी कुठे गेली?” लेकीने विचारलं.

“आहे की ताई, केकच्या खालीच आहे,” प्रकाशक म्हणाला. “आमच्या डिझायनरने ‘सूर्य’च्या पत्त्यावरचा केक उचलून तिथे ठेवलाय. म्हणजे तुमचाच आहे, परका नाही.”

“मी रिकामी काढली होती.”

“आम्हाला वाटलं, राहून गेलं असेल.”

राहून गेलं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राहून जायला ते काय भाजीतलं मीठ होतं? त्या एका पत्त्याच्या वेळी ती पहिल्या घासावर थांबलीच नव्हती. मृत्यू मनात धरून तिने डोळे मिटले, एक घास घेतला, मग दुसरा, मग तिसरा. डोळे उघडले तेव्हा बशीत केकचे चार कण, चॉकलेटमधून बोट फिरवल्याची रेघ आणि आडवा पडलेला चमचा. संपलं हे संपल्यावरच कळलं होतं. तेच तिने काढलं. सगळ्या संचात तिला सगळ्यात आवडलेलं चित्र ते होतं.

“ताई, लोक हा संच भेट म्हणून देणार,” प्रकाशक समजुतीच्या सुरात म्हणाला. “वाढदिवसाला मरण कोण देईल? नावही बदललंय बघा. ‘नवी सुरुवात’. कसं गोड वाटतं!”

“आणि खोक्यावर काय छापलंय तुम्ही?”

खोक्यावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं, ‘आतला आवाज ऐका’.

“म्हणजे अख्ख्या जगाने आतला आवाज ऐकायचा, आणि मी ऐकला की त्याच्यावर केक ठेवायचा?”

“तुम्ही कलाकार मंडळी लगेच चिडता बुवा.”

हे वाक्य ऐकून न चिडणारा कलाकार अजून जन्माला यायचाय. तिने तो पत्ता उचलून त्याच्या नाकासमोर धरला.

“नीट बघा. केक अख्खा आहे ना? मग हे कण कुणाचे? ही बोटाची रेघ कुणाची? उष्ट्या बशीत केक वाढलाय तुम्ही. घरी पाहुण्यांना असंच वाढता का?”

प्रकाशकाने चष्मा वर करून पाहिलं. बहुतेक पहिल्यांदाच पाहत असावा.

“अगदी बरोबर आहे तुमचं,” तो म्हणाला, आणि क्षणभर तिला वाटलं, जिंकले. “बशी कॉम्प्युटरवर स्वच्छ करून घेतो. काहीच काम नाही ते. तुम्ही इथे सही करा, छापखाना खोळंबलाय.”

पालथ्या घड्यावर पाणी! त्याने पेन तिच्याकडे सरकवलं. सही केली तर हाच केक तिच्या नावाने घरोघर जाणार होता. नाही केली तर सगळा संच बासनात, आणि आईची मेहनतही त्याच्याबरोबर.

प्रकाशकाने मोर्चा आईकडे वळवला. “काकू, तुम्हीच समजवा हिला. तुमच्या हातचा इतका सुंदर केक लोकांना दिसायला नको का?”

लेकीने आईकडे पाहिलं. आपला पदार्थ छापलेला बघायची आईला केवढी हौस, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

आईने पत्ता हातात घेतला. लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. मग लेकीचं मूळ चित्र ओढून त्याच्या शेजारी ठेवलं.

“ह्या बशीत माझं काहीच दिसत नाही, असं मीसुद्धा म्हणाले होते हिला.”

“बघा!” प्रकाशक लेकीला म्हणाला.

“थांबा हो जरा.” आईचा आवाज चढला. “जन्मभर करून घालतेय मी. नवऱ्याला, सासूला, पोरांना. छान झालंय असं तोंड उघडून एकाने म्हटलं नाही कधी. हिनेही नाही. बशी अशी चाटूनपुसून परत आली, की आपलं आपण समजून घ्यायचं.”

तिने लेकीपुढचं पेन उचललं, त्याला टोपण लावलं आणि प्रकाशकाच्या पुढ्यात ठेवलं.

“ती बशीसुद्धा धुऊन टाकता?”