फिरायला निघालेली खुर्ची

सून पुढं, सासू मागं, आणि सासूच्या डोक्यावर लाल प्लास्टिकची खुर्ची. बोरी अरबजवळच्या त्या लहानशा गावातून सकाळी आठ वाजता दोघी अशा निघाल्या.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी तीन दिवसांपूर्वी वैष्णवीच्या पोटात टेस्ट ट्यूबमधला गर्भ सोडला होता, आणि सांगितलं होतं की पडून राहू नका, हिंडाफिरा, फक्त जड उचलू नका. इंदूबाईला त्यातलं शेवटचं तेवढं पटलं. मोहरीएवढाही नाही तो जीव. सुनेचा पाय खड्ड्यात गेला की निसटलाच. तिनं दोन दिवस वैष्णवीला खाटेवरून उतरू दिलं नाही. मग वैष्णवीनं डॉक्टरीणबाईंना फोन लावून तो सरळ सासूच्या कानाला धरला. ऐकून झाल्यावर इंदूबाई म्हणाली, बरं, फीर. पण दर वीस पावलांना बसायचं. म्हणून खुर्ची.

गावाला मात्र कळू द्यायचं नव्हतं. मागच्या खेपेला कळलं, आणि गर्भ टिकला नाही तेव्हा आठ दिवस बाया दारात येऊन बसल्या, मयताला बसावं तशा.

किराणा दुकानातून नेमसिंगानं हटकलं, काकू, खुर्ची घेऊन कुठं? त्या साली बोंडअळीनं गावाची पऱ्हाटी खाल्ली होती आणि पंचनाम्याला साहेब येणार असं रोज कोणीतरी म्हणायचं. इंदूबाईच्या तोंडून तेच निघालं.

"मीटिंग हाये पंचायतीत. साहेब येऊन राह्यले. खुर्च्या कमी पडतीन म्हणे."

दोघी शाळेपर्यंत जाऊन, सहा वेळा बसून परत आल्या, तोवर पंचायतीपुढं तीस-चाळीस माणसं जमली होती. नेमसिंग दुकान बंद करून स्टूल घेऊन आला होता. धावजीनं खाट आणली होती. कोणी किडकी बोंडं टोपलीत भरून आणली होती. सरपंच सतरंजी झटकत सगळ्यांना सांगत होते की मला तर कालच फोन आला होता.

वैष्णवीनं पदर तोंडात कोंबला.

"हासू नोको," इंदूबाई हळूच म्हणाली. "पोट हालते."

त्यानं तर तिला आणखीच हसू आलं. ती म्हणाली, आई, मी शाळेपर्यंत अजून एक चक्कर मारून येते, आणि सासूनं काही बोलायच्या आत निघालीसुद्धा. इंदूबाईला मागं जाता येईना. मीटिंगची बातमी तिची, आणि सगळी माणसं तिच्याकडं बघत होती. तिनं खुर्ची डोक्यावरून उतरवून पहिल्या रांगेत मांडली आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

सरपंच बसायला आले. तिनं हात काढला नाही.

कोणासाठी ठेवली, त्यांनी विचारलं.

"येणाऱ्यासाठी."

सरपंचांनी मान डोलावली आणि सतरंजीवर बसले. बराच वेळ गेला. ऊन पायाशी आलं. काही माणसं चुळबुळ करू लागली. मग म्हातारे उत्तमसिंग खाटेवरून उठून तिच्याजवळ आले.

"इंदूबाई, नक्की येते ना?"

इंदूबाईनं शाळेच्या रस्त्याकडं पाहिलं. वैष्णवी खड्डे चुकवत, एकटीच, कुठंही न बसता परत येत होती.

"ते काही आपल्या हातात नाही, भाऊ," ती म्हणाली. "आपण खुर्ची ठेवाची."