निळं दार

"हेच ते दार," मख्लूफ म्हणाला आणि पोरीला रडू कधी फुटतं याची वाट बघत काठीवर रेलला.

सेफ्रूच्या मेल्लाहमध्ये, ज्यूंच्या त्या जुन्या वस्तीत, आता ज्यू म्हणून तो एकटाच उरला होता. सिनेगॉगची किल्ली त्याच्याकडे, कबरस्तानाची त्याच्याकडे, आणि परदेशातून येणाऱ्या या माहेरवाशिणीही त्याच्याच गळ्यात. पॅरिस, मॉन्ट्रिअल, अश्दोद, कुठून कुठून येत. प्रत्येकाच्या आजोबांच्या घरात म्हणे कारंजं होतं. एवढी कारंजी असती तर गावाला नदी कशाला लागली असती?

मख्लूफ सगळ्यांना हेच निळं दार दाखवी. आत छप्पर कोसळून नुसता ढिगारा झाला होता, त्यामुळे कुणी फार वेळ थांबत नसे. चौकटीवर मेझुझा, ज्यूंच्या दारावरची प्रार्थनेची डबी, ठोकण्याची खाच होती. ती मख्लूफनेच छिन्नीने पाडली होती. मंडळी त्या खाचेला बोटं लावून चुंबत, गळा काढत, पिशवीत मूठभर माती भरत आणि जेवायच्या वेळेला फेजच्या हॉटेलात परत. पळून गेलेल्यांना एवढं माहेर पुष्कळ झालं, असं त्याचं मत होतं.

स्वतःच्या घरी मात्र तो सहसा कुणाला नेत नसे. एकदा करवसुलीचा माणूस आला होता, तो अंधाऱ्या जिन्यात पाचव्या पायरीवर तोंडघशी पडला. ती एक पायरी बाकीच्यांपेक्षा चार बोटं उंच होती. कुण्या जुन्या गवंड्याने चोर अडखळावेत म्हणून करून ठेवलेली खोड. फेजचा धर्मगुरू, रब्बी, तिथे पडला, पोस्टमन पडला, या घरात नवखा असताना खुद्द मख्लूफही पडला होता. नडगीवरचा व्रण अजून होता. पण तो कुणाला सावध करत नसे. तेवढीच करमणूक.

ही पोरगी काही रडेना. नुरित तिचं नाव, अश्केलोनहून आलेली, गुडघ्यावर फाटलेली विजार. पैसे मोजून फाटकं घेतात, मख्लूफच्या मनात आलं.

"नक्की हेच, काका?"

"पोरी, पंचाहत्तर वर्षं या गल्ल्यांत काढलीत मी. तुझ्यासारखं फोनला विचारत फिरत नाही. काय म्हणालीस आडनाव? बोहबोट? मला तर नीटसं आठवतही नाही. ढीगभर होते."

नुरितने पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढला. खाली तीन रब्बींच्या सह्या होत्या.

"पणजोबांचा घराचा कागद. वकील म्हणतो, पक्का आहे. पण तेव्हा दारांना नंबर नव्हते ना. घर कुठलं ते आजीने ओळखायला हवं."

"आणि ओळखलं की?"

"की तिला इथे घेऊन येते. तिला तिच्या घरात मरायचंय."

"का? तिकडे मरायला जागा पुरत नाही?"

नुरितने ते कानाआड केलं. "हिवाळ्यात जिन्यात पडली. खुबा मोडला. तेव्हापासून एकच धोशा, घर, घर. सगळं घर पाठ करून घेतलंय तिने माझ्याकडून."

"कारंजंसुद्धा?"

"नाही. कारंजं नव्हतं म्हणते."

हे मात्र मख्लूफ पहिल्यांदाच ऐकत होता. त्याने काठी या हातातून त्या हातात घेतली. "बरं, लाव फोन. होऊन जाऊ दे."

पडद्यावर उशीला टेकलेली एक म्हातारी आली. नुरितने फोन दाराकडे धरला, चौकट दाखवली, फटीतून ढिगारा दाखवला. म्हातारी बराच वेळ बघत राहिली.

"सोबत कोण आहे गं?" तिने जुन्या मेल्लाही अरबीत विचारलं.

"मख्लूफ काका. किल्लीवाले."

"मख्लूफ! आहेस का रे अजून?"

"आहे. इथेच आहे. तुमच्यासारखा पळालो नाही."

"हो रे बाबा. तू राहिलास." म्हातारी हसली. "मग हेच का आमचं दार?"

"हेच, इत्तो. दुसरं कुठलं असणार?"

नुरितने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. आजीचं नाव तिने त्याला सांगितलंच नव्हतं.

"तू म्हणतोस तर हेच," म्हातारी म्हणाली. "नुरित, आता असं कर. मख्लूफच्या घरचा चहा घेतल्याशिवाय निघू नकोस. वर बसून, नीट. मग मला फोन कर."

मख्लूफला हसू आवरेना. ओळखलं म्हणे! ढिगाऱ्याला बापाचं घर म्हणतात, अशी ही माणसं. आता तो कागद आणि तीन रब्बी घालून बसा म्हणावं त्या ढिगाऱ्यावर. पाहुणीला चहा नाकारणं सेफ्रूत शोभलं नसतं, आणि आता नाकारायचं कारणही नव्हतं. उलट त्याचं मन एकदम मोठं झालं.

"चल, पोरी. पुदिन्याचा करतो, वर शीबाची थोडी कडू पानं घालून. तुमच्याकडे मिळतो कुठे असा?"

दोन गल्ल्या ओलांडून ते त्याच्या घरी आले. दार लहान होतं, बिनरंगाचं. नुरित उंबऱ्यात क्षणभर थांबली. जिन्याच्या तोंडाशी मख्लूफ बाजूला झाला. दिव्याचं बटण त्याच्या हाताशीच होतं, ते त्याने दाबलं नाही.

"आधी पाहुणे," तो म्हणाला.

नुरितने फोन पिशवीत टाकला आणि काळोखात चढू लागली. एक. दोन. तीन. चार. मख्लूफने ओठ दाबून हसू आवरलं आणि कान टवकारले.

पाचव्या पायरीला तिने पाय चार बोटं जास्त उचलला आणि न थांबता वर निघून गेली.