रविवारचं मत

"आणि शेवटी ती नवऱ्याला सोडून जाते," एवांथियाचा बाबा स्त्रातिस म्हणाला आणि माशावर लिंबू पिळू लागला. "बरं केलं. माझ्या चार."

त्याने ताटाच्या कडेला ऑलिव्हच्या चार बिया मांडल्या. एवांथियाचा घास हातातच राहिला. त्या डॅनिश सिनेमातली बाई नवऱ्याला सोडून कुठेही जात नव्हती. ती उपचारांसाठी दुसऱ्या गावी निघाली होती, आणि नवरा तिला गाडीत बसवून द्यायला आला होता.

"मी तीनच दिल्या असत्या," ती कसंबसं म्हणाली.

"बाळंतपणापासून फार कंजूष झालीस तू."

मांडीवरच्या मिर्तोला भरवता भरवता एवांथियाचा नवरा लाम्ब्रोस हसला. मग त्याने बायकोकडे पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं.

बापलेकीचा हा रिवाज ती शाळेत असल्यापासूनचा. जानेवारीत बक्षिसांच्या याद्या लागल्या की व्होलोसच्या बंदराजवळच्या थिएटरात ते सिनेमे एकेक करून येत. दोघं वेगवेगळ्या दिवशी जात. एका ताटात जेवलं की चवीवरून भांडता येत नाही, असं स्त्रातिसचं म्हणणं. मग रविवारी जेवताना मतं निघायची, पाचपैकी बिया पडायच्या आणि मनसोक्त भांडण व्हायचं. फेरीबोटींच्या इंजिनखोलीत आयुष्य काढलेल्या माणसाचा आवाज तो. खालच्या मजल्यावरच्यांनाही कोणता सिनेमा चांगला ते कळायचं.

यंदा मात्र काहीतरी बिनसलं होतं. दोन भावांच्या सिनेमात थोरल्याने धाकट्याला माफ केलं, असं त्याने सांगितलं. प्रत्यक्षात थोरल्याने त्याच्या डोक्यावरचं छप्पर विकलं होतं. पण दीपगृहावरचा आपला ग्रीक सिनेमा त्याने शेवटच्या बारकाव्यापर्यंत बिनचूक सांगितला. एवांथियाला त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणजे कधी ताळ्यावर असतो, कधी नसतो.

"मंगळवारी मेंदूच्या डॉक्टरांकडे नेऊ या," भांडी विसळताना लाम्ब्रोस हळूच म्हणाला. "आणि आपल्याकडची ती लहान खोली त्यांच्यासाठी रिकामी करायला घेतो मी. उद्या गॅस चालू ठेवून झोपले तर?"

एवांथिया ताटं पुसत राहिली. बंदरावरचं बाबाचं ते घर आणि बोटी मोजायची ती बाल्कनी. बाबा तिथून निघायचा नाही. त्याला काढावं लागणार होतं.

सोमवारी तिने रिवाज मोडला. बाबा सिनेमाला निघाला तशी कोट चढवून त्याच्यासोबत चालू लागली.

"बाटवलंस सगळं," तो कुरकुरला. पण तिचा हात त्याने धरला, आणि थिएटरच्या पायऱ्या संपेपर्यंत सोडला नाही.

सिनेमा आइसलँडचा होता. एवांथिया पडद्याकडे कमी आणि बाबाकडे जास्त पाहत होती. तो पुढे झुकून, डोळे किलकिले करून बसला होता, रेडिओ ऐकल्यासारखा. सगळे हसले की क्षणभराने तोही हसे. शेवटाकडे नायिका म्हाताऱ्या बापासमोर बसली. तिचा चेहरा पडदाभर झाला, आणि खाली अक्षरं उमटली: 'तुमची बोट मी विकली.' थिएटरात कोणीतरी सुस्कारा टाकला. स्त्रातिस मात्र हसला, आणि त्याने हळूच डोळा पुसला.

नंतर दोघं कोपऱ्यावरच्या खानावळीत बसली. त्सिपुरो या कडक दारूची छोटी बाटली आली, सोबत तळलेली कोळंबी आली.

"ती पोरगी बापाशी काय बोलली रे शेवटी?" तिने विचारलं.

"लग्न ठरलं की तिचं. ते सांगायलाच आली होती. म्हातारा गप्प बसला, पण आतून काय खूश होता." त्याने ताटलीतली ऑलिव्ह जवळ ओढली. "याला पाचच्या पाच."

 मंगळवार तर उद्यावर आला होता. नजर कुठेतरी ठेवायची म्हणून एवांथिया टेबलावरचं पदार्थांचं कार्ड वाचू लागली, आणि वाचता वाचता थांबली. दीपगृहाच्या सिनेमात खाली अक्षरं नव्हतीच. तो ग्रीकच होता, ती असायचं कारणच नव्हतं. जन्मभर खालची अक्षरं वाचत परक्या भाषांतले सिनेमे पाहिलेल्या तिला, आपण वाचतो आहोत हेच कधी जाणवलं नव्हतं.

तिने कार्ड त्याच्यापुढे सरकवलं. "बाबा, हे वाच बरं जरा."

"चष्मा विसरलो."

चष्मा त्याच्या नाकावर होता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

तो कोळंबी सोलत राहिला. "उन्हाळ्यापासून. चेहरे दिसतात, मोठे असले की. अक्षरं विरघळतात. मोतीबिंदू असेल, तुझ्या आजीला होता तसा. त्यात काय एवढं."

एवांथियाला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. एवढा आनंद कशाचा ते न कळून वाढप्याने न मागताच दुसरी बाटली आणून ठेवली. उद्या नेत्रतज्ज्ञाकडे जायचं. ती लहान खोली मिर्तोचीच राहायची. मग हसू ओसरलं आणि राग आला.

"सांगायला काय झालं होतं तुला? आम्ही काय काय समजून बसलो होतो. आणि एक अक्षर वाचता येत नव्हतं, तर थंडीवाऱ्याचं दर आठवड्याला जायचंच कशाला?"

स्त्रातिसने सोललेली कोळंबी तिच्या ताटलीत ठेवली.

"वर्षभर तू मला विचारतेस, जेवलास का, झोप लागली का," तो म्हणाला. "या दोन महिन्यांत विचारतेस, तुला काय वाटलं."