रोजची गोळी

"प्रेशर काही केल्या वर येत नाहीये." भूल देणाऱ्या डॉक्टर मृणालिनी थिएटरबाहेर येऊन म्हणाल्या. "सलाईन चालू आहे, इंजेक्शनं दिली, रक्तही फार गेलेलं नाही. तरी उतरतंच आहे. मुलगी कसलं औषध घेते का? नीट आठवा."

"नाही हो," मालन शेजारी बसलेल्या विहिणीकडे न बघताच म्हणाली. "आमच्या शकूला साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा लागत नाही."

"आमच्या घरी तरी काही घेत नाही," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

दार बंद झालं.

सकाळी शकूच्या पोटात कळा सुरू झाल्या. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. सासूने तिला घाटकोपरच्या या नर्सिंग होममध्ये आणलं आणि विक्रोळीहून मालन धावत आली. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. शकूला लहानपणापासून दमा. त्यापायी एक ठरलेलं लग्न मोडलं होतं, दुसऱ्यांनी तर पत्रिकाच परत पाठवली. म्हणून या स्थळाला मालनने दम्याचं सांगितलंच नाही. गोळ्या ती गुपचूप पोचवायची. "मेलीस तरी तोंड उघडू नको," असं तिनंच लेकीला बजावलं होतं.

आतून कुणीतरी ओरडलं, "पल्स लागत नाहीये!"

मालन उठली आणि दोन्ही हातांनी दार बडवू लागली. "डॉक्टर! माझी पोर दम्याच्या गोळ्या घेते. कित्येक वर्षं, रोज. मी खोटं बोलले!"

दार उघडलं. "कुठल्या गोळ्या? स्टिरॉइड?"

"हो, तसंच कायतरी म्हणायचे आमचे डॉक्टर."

"अहो बाई, त्या गोळ्यांची सवय झालेलं शरीर ऑपरेशनचा ताण आपल्या बळावर पेलू शकत नाही! मध्येच बंद तर नाही ना केल्या?"

"नाही, नाही. एक दिवस चुकवत नाही ती."

डॉक्टर इंजेक्शनसाठी सिस्टरला हाका मारतच आत पळाल्या.

मालन बाकावर कोसळली. रत्नप्रभाबाईंनी तोंड फिरवलं. हेही घर तुटलं, मालनला वाटलं. तुटू दे. तिने गावच्या वेतोबाला हात जोडले. "माका ने रे, पण तिका ठेव."

किती वेळ गेला कोण जाणे. डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा घामाने निथळत होत्या. "प्रेशर वर आलं. वाचली तुमची मुलगी."

मालन विहिणीकडे वळली. "विहीणबाई, मी तुम्हाला फसवलं. मला काय हवं ते बोला. पण पोरीला माहेरी धाडू नका."

रत्नप्रभाबाईंनी तिचे जोडलेले हात धरले.

"रोज लपून गोळी घेताना मी तिला पाहिलं होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मूल होऊ नये म्हणून घेते. गेल्या आठवड्यात सगळ्या गोळ्या मी मोरीत ओतल्या."