गोलमागची आई

शेवटच्या मिनिटाला पंचांनी शिट्टी फुंकून पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं, तेव्हा गोलकीपर तोर्स्टन ब्राकमानने सवयीने मागे वळून पाहिलं. गोलमागे आई होतीच. पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांच्या गर्दीत, गळ्यात आपल्या क्लबचा निळा मफलर गुंडाळून.

सामना बरोबरीत सुटला तर क्लब दुसऱ्या श्रेणीत टिकणार होता आणि अडतिशीतल्या तोर्स्टनला आणखी एका हंगामाचा करार मिळणार होता. गोल झाला तर क्लब तिसऱ्या श्रेणीत आणि तोर्स्टन आईच्या बेकरीत.

गेर्लिंडेबाई कायम लेकाच्या गोलमागेच उभ्या राहत. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलत, तशा त्याही पिशवी उचलून मैदानाला वळसा घालत आणि थेट शत्रूच्या गोटात शिरत. त्यांना अडवणं सुरक्षारक्षकांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

"आजी, पोराला घरी घेऊन जा!" कुणीतरी ओरडलं.

"नेते की! आधी तुमचे डोळे पुसून होऊ देत!"

तोर्स्टनला हसू आलं नाही. ही बाई जन्मभर त्याला आडवी आली होती. लहानपणी तो हातमोजे घालून निघाला, की ती दार लावून घ्यायची. "बस इथे, पीठ मळ. चेंडूने पोट भरत नाही." मग तो मागच्या खिडकीतून पळायचा. त्या खिडकीची कडी नेहमी मोडलेली असायची, तेवढं एक नशीब. पहिला करार आला तेव्हा आई म्हणाली, "सही करू नकोस." त्याने त्याच दुपारी केली. आईच्या नाकावर टिच्चून आपण कारकीर्द उभी केली, हे तो प्रत्येक मुलाखतीत सांगे, खिडकीसकट.

समोरच्या खेळाडूने चेंडू ठिपक्यावर ठेवला.

"डावीकडे, गाढवा! डावीकडे!" मागून आवाज आला. बेकरीच्या भट्टीपासून अख्ख्या गल्लीला ऐकू जाणारा आवाज.

तोर्स्टन उजवीकडे झेपावला. चेंडू मनगटावर आदळून खांबाबाहेर गेला. सामना संपला.

"कसं ओळखलंत?" बातमीदाराने विचारलं.

"आई डावीकडे म्हणाली ना!" तोर्स्टन खुशीत होता. "तिचं ऐकलं असतं तर बुडालोच असतो."

बातमीदार कठड्यापलीकडे वळला. "ब्राकमानबाई, आज तुमचा सल्ला फसला की!"

आई पिशवीतून सफरचंदाचा केक काढत होती. "तो पेनल्टी मारणारा पोरगा नेहमी गोलकीपरच्या उजवीकडेच मारतो. वर्षभर टीव्हीवर बघतेय मी."

तोर्स्टनचं हसू मावळलं. "मग डावीकडे का ओरडलीस?"

"उजवीकडे म्हटलं असतं तर गेला असतास?" आईने केकचा तुकडा त्याच्या हातमोज्यात ठेवला. "खा. आणि त्या खिडकीची कडी काय दर आठवड्याला आपोआप मोडायची, असं वाटलं तुला?"