अंगणातला बिबट्या

ताडोब्याहून परतल्या परतल्या शालनने जुन्नरातच राहणाऱ्या मैत्रिणीला, हेमलताला फोन लावला.

"चार सफारी केल्या, पण एकही वाघ दिसला नाही गं! नुसती धूळ खाल्ली. तुझ्या सुनेचं डोहाळजेवण कधी ठरलं?"

"रविवारी. पण हळू बोल," हेमलता कुजबुजली. "मी न्हाणीघरात कडी लावून बसलेय. अंगणात बिबट्या आलाय. वनखात्याच्या लोकांना कळवलंय."

"अगंबाई! मोठा आहे?"

"चांगला धिप्पाड आहे. तुळशीजवळ लोळतोय. घरात मी एकटीच आहे गं."

शालनने गळ्यात दुर्बीण अडकवली. "घाबरू नकोस. रिक्षा करून आत्ता निघाले!"

मैत्रीण जिवावर उदार होऊन धावून येतेय, या विचाराने हेमलताचे डोळे भरून आले.

"आणि हे बघ," शालन म्हणाली, "मी पोचेपर्यंत त्याला कुणालाही हाकलू देऊ नकोस."