आधी आईला दोन ओळी

कॉलेजसमोरच्या बारला पन्नास वर्षं झाली, म्हणून इतिहासाचे सर वही घेऊन बारच्या मालकीणबाई मावशीसमोर बसले. सर एकेकाळी तिचंच गिऱ्हाईक.

"इतिहास कसला डोंबलाचा! पोरं येतात, पितात, रडतात आणि पास होऊन तोंड काळं करतात. लिही."

"आणि तुमचा नियम?"

नियम म्हटल्यावर मावशीची मान ताठ झाली. काउंटरवर कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा असायचा, अजूनही आहे. घर सोडून आलेल्या पोरानं आधी आईला दोन ओळी लिहायच्या, मग ग्लास. कितीही मोठ्या बापाचा असो, कार्ड लिहिल्याशिवाय थेंब मिळायचा नाही. आता पोरं तिच्यासमोर आईला फोन लावतात, एवढाच काय तो फरक.

"तू किती लिहिलीस रे?"

"दीडशे तरी असतील. आई गेली तेव्हा सगळी तिच्या उशाशी सापडली."

"मग? पुस्तकं शिकवतात होय असलं काही! माझ्या जिवावर हजार आया निवांत झोपल्या, हे ठळक लिही."

सरांनी लिहिलं. मग जरा घुटमळत विचारलं, "आणि तुमचा धाकटा मुलगा, मावशी? माझ्याच बरोबरीचा. परगावी शिकायला गेला, त्याचं काही पत्र येतं?"

मावशीनं सरळच असलेला गठ्ठा पुन्हा सरळ केला.

"बावीस वर्षं झाली," ती म्हणाली. "त्या गावचा बारवाला मेला आळशी असणार. नुसती दारूच ओतत असेल."